घर पाहायला कोचीला

९ जानेवारी, गुरुवार. बोथ

खोटं बोलायला मला जमतं, टिकवायला जमत नाही. शाळेत सांगितलं, हैदराबादला ट्रेनिंग आहे. संक्रांतीच्या सुट्टीत ट्रेनिंग म्हटल्यावर सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. सरकारबद्दल काहीही वाईट सांगा, लोक पुरावा मागत नाहीत.

फसली नाही ती एकटी बयनाबाई. शेजारीण. तिच्या वांग्याच्या वाफ्यात उभं राहिलं की माझ्या घरातलं अर्धं दिसतं, उरलेलं ती अंदाजाने भरते. संध्याकाळी कुंपणावरून मेथीची जुडी देत म्हणाली, "ट्रेनिंगले जाऊन राह्यल्या, तं नवी चप्पल काऊन घेतली?"

"जुनी तुटली."

"जुनी तं पायातच हाये तुमच्या."

होती खरी.

तर खरं काय ते इथे. मी कोचीला चालले आहे. घर पाहायला.

आमच्याकडे पोरगी द्यायची म्हटली की तिच्याकडची चार माणसं आधी पोराचं घर पाहून येतात. आत बसून चहा पितात ते नाटक. खरी पाहणी बाहेर. शेजारच्या दुकानात सुपारी घेता घेता विचारायचं — पोरगा पितो काय, घर सोताचं काय, आईशी कसा बोलतो. बाबांनी भावकीतल्या पोरींसाठी अशी कितीतरी घरं पाहिली. गोठ्यात शिरून बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि बाहेर येऊन मालकाचा स्वभाव सांगायचे. सहसा चुकत नसत.

माझ्यासाठी घर पाहायची पाळी आली नाही. बाबा गेले, मग आईचं दुखणं, मागच्या वर्षी आईही गेली. लग्न राहून गेलं, बसमध्ये छत्री राहते तसं. आठवलं तोवर बस निर्मलच्या पुढे गेलेली.

आता पन्नाशीला एक स्थळ आहे. नागेश पाझारे. मूळचे किनवटचे, भाऊ अजून तिथेच. नेव्हीत स्टोअरकीपर होते, आता कोचीला मट्टनचेरीत मसाल्याच्या गोदामावर देखरेख करतात. विधुर. माझी भाची तेजस्विनी हिने नागपूरच्या परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत माझं नाव परस्पर घातलं. फोटोही घातला, त्यात मी भाचीला रागावते आहे. त्या फोटोवरूनच फोन केला म्हणाले.

पावसाळ्यापासून दर रविवारी बोलतो. आदिलाबादच्या साप्ताहिकात माझं जे सदर येतं ते मी त्यांना वाचून दाखवते. खोकला लागेपर्यंत हसतात. बोथमध्ये माझ्या लिखाणावर कोणी हसत नाही. कोणावर लिहिलंय ते शोधतात.

ठरलंय असं की १८ तारखेला मी कोचीला उतरायचं, ते स्टेशनवर येणार. मी बारालाच पोचते आहे. त्यांना सांगितलेलं नाही. घर पाहायला पाठवायला माझ्याकडे माणूस नाही, म्हणून मीच माझ्याकडची चार माणसं.

११ जानेवारी, शनिवार. गाडीत

बल्लारशाहून बसले. समोरच्या बाईने विचारलं, तिकडे कोण आहे तुमचं? म्हटलं, समुद्र. तिने जेवणाचा डबा स्वतःकडे ओढून घेतला.

१२ जानेवारी, रविवार. फोर्ट कोची

एर्नाकुलमहून बोटीने आले. बोटीत सगळे मोबाइल बाहेर काढून पाण्याकडे धरून उभे. मी पाण्याकडे पाहत होते, तर एकाने मला बाजूला व्हायला सांगितलं. फोटोत येत होते.

समुद्र याआधी एकदाच पाहिला होता. दादरला, सहा डिसेंबरला, लाखोंच्या गर्दीत आईचा हात धरून. तेव्हा समुद्राकडे कुठलं लक्ष, आई हरवू नये एवढंच. आज समुद्र आहे, गर्दीही आहे. हरवायला कोणी नाही.

किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी. मोठमोठे वासे, त्यांना बांधलेले दगड. पाच-सहा जण दोर ओढतात आणि घरापेक्षा मोठं जाळं पाण्यातून वर येतं. सगळे श्वास रोखून. वर आले ओंजळभर मासे आणि एक प्लास्टिकची बाटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शाळेचा निकालही असाच जाहीर होतो.

दुपारी खाणावळीत वेटरने विचारलं, "ओन्ली वन?" मी मान हलवली. त्याने समोरची ताटं उचलली. मग पेले. मग शेजारच्या टेबलाला लागतात म्हणून खुर्च्याही नेल्या. मी भात कालवत राहिले. चार जणांच्या टेबलाशी एक खुर्ची उरली की ते टेबल फार मोठं दिसतं.

जेवण झाल्यावर चालले. जुन्या पोर्तुगीज गल्ल्या, डच घरं, इंग्रजांचे बंगले. जो आला त्याने घर बांधलं आणि गेला. भिंती पिवळ्या, खिडक्या निळ्या, आणि फांद्या पसरलेली ती प्रचंड झाडं. सुंदर आहे. हे कोणाला तरी म्हणावंसं वाटलं. बाकावर एक मांजर होतं, त्याला म्हटलं. मराठीत.

संध्याकाळी किनाऱ्यावरच असताना रविवारचा फोन आला. नेमका त्याच वेळी जहाजाने भोंगा दिला.

"हे काय वाजून राह्यलं, मॅडम?"

"ट्रॅक्टर."

"लय मोठा हाये ट्रॅक्टर."

"नवीन घेतलाय कोणीतरी."

हसले नाहीत. म्हणाले, आज जास्त बोलत नाही, जरा गडबडीत हाये. आणि ठेवला. फोन आधी मी ठेवते, नेहमी. आज पहिल्यांदा त्यांनी ठेवला.

१३ जानेवारी, सोमवार

पाय सुजलेत. नवी चप्पल! बयनाबाईची नजर लागली.

चर्चमध्ये गेले. वास्को द गामाला इथे पुरलं होतं. पुढे हाडं काढून पोर्तुगालला नेली. आता रिकाम्या जागेभोवती कठडा आहे आणि लोक कठड्याभोवती. जो इथे नाही त्याचे फोटो काढत होते. मीही काढला. मग तो दाखवायचा कोणाला म्हणून पुसून टाकला.

बाहेर पायरीवर एक जोडपं मराठीत भांडत होतं. पुण्याचं. परक्या गावात मराठी कानावर आलं, भांडणसुद्धा गोड वाटलं. मी न राहवून म्हटलं, टोपी त्या दुसऱ्या बाकावर राहिलीय तुमची.

"अय्या, मराठी! कुठल्या तुम्ही?"

"आदिलाबाद जिल्हा. बोथ."

"विदर्भात ना?"

"तेलंगणात."

"मग मराठी कशा काय?"

आता याला काय सांगायचं. सीमा आमच्या घरावरून गेली, आम्ही कुठे गेलो नाही, हे मी एका लेखात लिहिलं होतं. पायरीवर उभं राहून ते बोलता येत नाही. म्हटलं, शिकले लहानपणी.

"छान बोलता हं," बाई म्हणाल्या. मग इकडेतिकडे पाहून, "मिस्टर कुठेत?"

"यायचेत."

का म्हणाले कोण जाणे. त्यांनी माझ्या हातात मोबाइल दिला, फोटो काढा ना आमचा. दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. भांडण फोटोत येत नाही. चार काढले. त्यांनी पाहिले, हलले म्हणाले, पुन्हा काढून घेतले आणि निघून गेले.

उद्या मट्टनचेरी. आज जाता आलं असतं. गेले नाही. दोन दिवस मी हे गाव बघते आहे की ती गल्ली टाळते आहे, एवढं मलाही कळतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

बाजाररोडने चालत गेले. एका बाजूला गोदामं, त्यांच्या मागे लगेच खाडी. सुंठ, मिरी, वेलची. वास एवढा की शिंका येतात. हमालांच्या खांद्यावर पोती आणि त्यांच्यामधून वाट काढणारे टोपीवाले गोरे. मला दोन्हीकडून शिव्या. मल्याळममध्ये होत्या, पण शिवी कळायला भाषा लागत नाही.

गल्ली सापडली. हिरवं दार, नागेशरावांनी सांगितलं होतं तसंच. दाराला कुलूप.

कामावर असतील, बरंच झालं. मी बाबांसारखी लांबूनच पाहणी केली. अंगण झाडलेलं. खिडकीत कढीपत्त्याचं रोप, पाणी घातलेलं. गजांतून बुद्धाची छोटी मूर्ती दिसली, तिच्यापुढे मेणबत्तीचं बूड. दोरीवर एक पंचा. एकच. बैल नव्हते, कशाच्या पाठीवरून हात फिरवणार? दारावरून फिरवला. रंग नवा होता.

समोर एका म्हाताऱ्या गुजराती शेठचं मसाल्याचं दुकान. मी थोडी मिरी मागितली आणि आमच्या पद्धतीने आडून सुरुवात केली.

"वो हरे दरवाज़े में कौन रहता है?"

"क्यों?"

"ऐसे ही."

"ऐसे ही कोई दरवाज़ा नहीं पूछता, बहन."

मी मिरी हातात घेऊन निरखली. "पीते हैं क्या?"

"दरवाज़ा?"

"जो रहते हैं वो."

शेठ चष्म्यावरून बघायला लागले. "बैंक से आई हो?"

"नहीं नहीं. घर ख़ुद का है?"

"तो बैंक से ही आई हो." मग काय वाटलं कोणास ठाऊक, स्टूल पुढे सरकवलं. "अच्छा आदमी है. अकेला है तो चुप है, चुप है तो सब अच्छा बोलते हैं. इतवार को हँसता है."

"मतलब?"

"इतवार को कोई फोन आता है. घर में आवाज़ नहीं पकड़ता, तो इधर बाहर बैठ के बात करता है. इतना हँसता है कि मैं पानी देता हूँ. बाक़ी दिन नहीं हँसता."

मला मिरीचा ठसका लागल्यासारखं करावं लागलं. शेठनी मलाही पाणी दिलं. पेला तोच असणार.

"अभी काम पे होंगे?" मी विचारलं.

"शुक्रवार को गया. बैग ले के."

"कहाँ?"

"बताया नहीं. बोला, शनिवार से पहले एक जगह देख के आना है. दाढ़ी-वाढ़ी बना के गया. नया शर्ट."

नवा शर्ट.

मिरीची पुडी घेतली आणि निघाले. कुठल्या गल्लीतून कुठे गेले आठवत नाही. समुद्राला लागले तेव्हा थांबले, कारण पुढे जाता येत नव्हतं.

शनिवारी मी येणार. त्याआधी दुसरं एक स्थळ पाहून यायचं ठरवलं असणार. यात चुकीचं काय आहे? मेळाव्याच्या पुस्तिकेला पानं भरपूर होती. मीही न सांगता त्यांच्या दारावरून हात फिरवलाच ना. ते निदान शर्ट घालून समोरच्या दाराने गेले.

आज संक्रांत. सकाळपासून गोड बोलले ते फक्त त्या शेठशी.

१५ जानेवारी, बुधवार. सकाळ

कशी असेल ती? मऊ बोलत असेल. विणकाम येत असेल. तिच्यावर एक लेख लिहायला घेतला. दोन ओळींच्या पुढे गेला नाही. हसू आलं नाही, एवढंच.

परतीचं तिकीट उद्याचं मिळतंय. घेऊन टाकते दुपारी.

१५ जानेवारी, दुपार

तिकीट घेतलं नाही. झालं ते सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पायांना सवय झाली म्हणून चालत ज्यू लोकांच्या प्रार्थनाघरात गेले. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या फरशा, प्रत्येकीचं चित्र हाताने काढलेलं. वर काचेची झुंबरं. पाहणारे रांगेने येतात, पण प्रार्थनेला लागतील इतकी माणसं आता इथे राहिली नाहीत, असं तिथला माणूस सांगत होता. लोक वाकून फरशा पाहत होते. मी बाकाकडेच पाहत होते. घासून गुळगुळीत झालेला बाक.

बाहेर आले तर बयनाबाईचे आठ मिस्ड कॉल. घर जळलं असं वाटलं, लगेच परत फोन लावला.

"सुनयनाबाई, तुमी ट्रेनिंग संपलं तरी येऊ नका."

"काऊन?" तिच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप घरी जाते.

"तुमच्यावर वकील आला हाये. महाराष्ट्राच्या गाडीवर. चंपतच्या दुकानी बसला कालपासून."

चंपत म्हणजे आमचा किराणावाला. त्याच्या दुकानातला फ्रीज विजेविना नुसता कपाट म्हणून उभा असतो, त्यात थंड पेयांऐवजी उदबत्त्या, असं मी दिवाळीत लिहिलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. वाणसामान मुकाट्याने पुढे सरकवतो.

"वकील कशावरून?"

"पावशेर फुटाणे घेतले अन् इचारून राह्यला — त्या मास्तरीणबाई कशा हायेत, स्वभाव कसा हाये. वकिलाबिगर असं कोण इचारते? तुमी लोकाईवर लिहिता, एखाद्यानं केस टाकली असन. चंपत म्हणे नांदेड कोर्टाचा दिसते."

कोणावर काय लिहिलं होतं ते डोळ्यांपुढून जायला लागलं. यादी मोठी निघाली. "चंपतने काय सांगितलं?"

"चंपत म्हणे, सुनयना मॅडम? गरीब गाय हाये. तोंडातून शब्द निंगत नाही."

"चंपत म्हणाला?"

"मंग! म्हणे लिहितबिहित काई नाही, तिच्या नावानं दुसरंच कोणी लिहिते. नागोराव पटवारी तिथंच होते. त्याईनं सांगतलं, दफ्तरात त्या बाईची एक शिकायत नाही, पाहिजे तं दाखला देतो."

नागोरावांवर मी दोनदा लिहिलं होतं.

"मंग तो वकील म्हणे, बिलकुल भांडत नाहीत? कोणाले टोमणा मारत नाहीत? आमी सगळे म्हटलं, बिलकुल नाही. तं बाप्पा, त्याचा चेहराच पडला. चंपत म्हणे, केस कच्ची झाली त्याची."

मी भिंतीला टेकले. "आणखी काय विचारलं त्याने?"

"घर सोताचं काय. आईचं केलं काय शेवटपर्यंत. अन् जेवते कोणासंगं."

जेवते कोणासंगं.

हा प्रश्न कुठल्या कोर्टात विचारत नाहीत.

"कसा आहे दिसायला?"

"उंच. डोक्यावर पांढरे. नवा शर्ट, घडीच्या खुणा बी मोडल्या नाही. फुटाणे घेतले तसेच खिशात हायेत. एकाजणानं पाणी नाही देल्लं त्याले, देऊच नाही देल्लं चंपतनं."

"आणि तुम्ही काय सांगितलं? जेवण्याचं?"

"मी म्हटलं, आमच्या घरचीच हाये ते. जेवाले आमच्याकडंच राहते."

"मी कधी येते तुमच्याकडे जेवायला?"

"येत नाही. मी बोलावतो, तुमी येत नाही. पन ते वकिलाले काऊन सांगू?"

रेंज नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

१५ जानेवारी, संध्याकाळ

जेट्टीवर बसून आहे. बोटी येतात, माणसं उतरतात, बोटी जातात.

तर हे ते दुसरं स्थळ. किनवटला भावाकडे उतरले असतील, त्याची गाडी घेतली असेल. त्यांच्याकडेही पाठवायला कोणी नसणार. मी इथे त्यांच्या शेजाऱ्याला पितात का विचारते आहे, ते तिथे माझ्याबद्दल मी भांडते का विचारत आहेत. आणि अख्खं बोथ माझ्यासाठी एकदिलाने खोटं बोलतंय. ज्यांना मी वर्षानुवर्षं टोचलं ते सगळे. इतका राग आला मला त्यांचा, की डोळ्यांत पाणी आलं. उद्या चंपतवर काही लिहायचं म्हटलं तर हात कसा चालायचा?

पण ते तर गरीब गाय पाहायला आले नव्हते. रविवारी हसवणारी ती बाई बोथमध्ये कोणाला माहीतच नाही, असं समजून परत निघतील. बयनाबाई म्हणाली, उद्या दुपारी निघतो म्हणून सांगितलंय त्यांनी चंपतला. शनिवारी इथे स्टेशनवर येतील, शब्दाचे पक्के आहेत. येतील आणि तो पडलेला चेहरा घेऊन मला कोची दाखवतील. रिकाम्या कबरीपासून सुरुवात.

एक फोन केला की उलगडेल. पण बयनाबाईला सांगायचं म्हणजे बोथला सांगायचं. अंधार पडायच्या आत बातमी शाळेत, सकाळी आदिलाबादला. मॅडमनी नवरा पाहिला, या वयात. पंधरा वर्षं मी लोकांच्या घरात डोकावून लिहिलं. माझ्या घरात कोणी डोकावलं नाही, कारण मी दारच उघडलं नाही. बयनाबाईलासुद्धा मेथी कुंपणावरूनच द्यावी लागते.

१६ जानेवारी, गुरुवार

बयनाबाईला फोन केला. म्हटलं, तो वकील नाही. माझा पाहुणा आहे, मला पाहायला आलाय. त्यांना दुकानातून उठवा, तुमच्याकडे जेवू घाला, भाकर आणि वांग्याची भाजी. आणि माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे, ती द्या त्यांच्या हातात.

पलीकडून हळूच, "ओट्यावर भांडे पडून असतीन तुमचे. पहिले घासून ठेवू काय?"

म्हटलं, नको. आहे तसं पाहू द्या.